पप्पांच्या सहीसाठी पक्की शाई

नोव्हेंबरात पेन्शनवाल्या प्रत्येक माणसाला बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. नुसतं जाऊन उभं राहिलं तर चालत नाही. कोषागाराची यादी आलेली असते, तिच्यात आपल्या नावापुढे सही करायची. सही झाली की माणूस पुढचं वर्षभर हयात.

पप्पांना यात कधीच काही विचित्र वाटलं नाही. ते पंचायत समितीत कारकून होते, आधी बिलोलीला आणि मग नांदेडला. कागदावर नसलेली गोष्ट ते मुळात गोष्टच मानत नाहीत. दर नोव्हेंबरला ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, सही करायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, "हयात हाय म्हणून आलो."

यंदा पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसवताना ते घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला हात पप्पांचा वाटत नव्हता. बारीक आणि पांढरट, दुसऱ्याच कुणाचा तरी. त्या हातानं त्यांनी बँकेत पैसे काढायची स्लिप भरली आणि ती परत आली. सही जुळत नव्हती. काउंटरवरचा माणूस चांगुलपणानं म्हणाला, "काका, नोव्हेंबरपर्यंत बघा. नाही जमलं तर खात्याला अंगठा लावून टाकू. सोपं पडतं."

पप्पा घरी आले, पाणी प्यायले आणि सोफ्यावर बसून राहिले. आईनं खोदून खोदून विचारल्यावर तेवढंच बोलले, "अंगठा लावा म्हणला."

या वाक्यात काय होतं ते मला लगेच कळलं. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मी बिलोलीच्या ऑफिसात स्टुलावर बसलेली असायची. पप्पांच्या टेबलावर जांभळ्या शाईचं पॅड असे. खेड्यातून आलेल्या माणसाचा अंगठा ते आपल्या हातात घेत, पॅडवर टेकवत आणि कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवत. मग तो माणूस अंगठा भिंतीला पुसायचा. पप्पांनी भिंतीवर 'येथे अंगठा पुसू नये' असं रंगवून घेतलं होतं, आणि सगळ्यात जास्त अंगठे त्या पाटीभोवतीच होते. वाचता येत असतं तर अंगठा कशाला लावला असता, हे पप्पांच्या निवृत्त होईपर्यंत लक्षात आलं नाही.

"आपण अंगठे घेतले, बेटा," ते मला म्हणाले. "द्यायचे न्हाईत."

मी लातूरला एका क्लासमध्ये पेपर तपासते आणि शनिवारी नांदेडला येते. मी घरात फारसं बोलत नाही. बाहेर त्याहून कमी. इंग्रजी शाळेनं मला दोन भाषांमध्ये गप्प राहायला शिकवलं, असं आई म्हणते. त्या शनिवारी जेवताना मी म्हटलं, "बॉलपेन दाबावा लागतो. शाईचा पेन दाबावा लागत नाही. नुसता सरकवायचा." लाल पेन दाबून दाबून माझाच अंगठा दुखत असतो, त्यामुळे हे मला माहीत होतं. पण मी आपणहून एवढं बोलले म्हटल्यावर तो घरातला निर्णयच ठरला. पेन आणायचं काम माझ्याकडे आलं.

लातुरात पेनांना तोटा नाही. शहरभर परीक्षेची तयारी करणारी मुलं. दुकानांत जेल पेन गोळ्या-चॉकलेटांसारखे बरण्यांत भरलेले. मी खोलीवरून निघतानाच वाक्य पाठ केलं होतं: काका, रोज लिहायला शाईचा पेन दाखवा. जुन्या बाजारपेठेतल्या दुकानापुढून मी एकदा तशीच पुढे गेले, मग परत आले. गल्ल्यावर कपाळाला भस्माचे आडवे पट्टे ओढलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यातला 'लिहायला' हा शब्द त्यांना खटकला.

"लिहायला?"

"हो."

त्यांनी मागे वळून पडद्याआडच्या बाईंना सांगितलं, "अगं ऐकलीस का, ही पोरगी शाईचा पेन लिहायला मागायलीय."

आतून आवाज आला, "मग? बाकीची कशाला मागतेत?"

"पूजेला!"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. शाईचे पेन ते दिवाळीपुरते आणतात. अडतवाले, किराणावाले लक्ष्मीपूजनाला वहीवर ठेवायला नेतात. हळदकुंकू वाहायचं, बेल वाहायचा आणि पेन तिजोरीत ठेवायचा. पुढच्या दिवाळीला नवा. हिशेब कॉम्प्युटरवर.

"लिहून बघू का?" मी विचारलं.

त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली. "उष्टा होतो न्हवं का! उष्टा पेन मग कुणाच्या पूजेला देऊ?"

"पण लिहितो कसा ते?"

"ते काय माहीत न्हाई, बाई. कुणी लिहिलंच न्हाई आजवर." त्यांनी एक जाड काळा पेन उचलून दिव्याखाली धरला. "पण ह्या कंपनीचा पेन नेऊन उदगीरच्या एका तूरवाल्याचं लई भलं झालं."

मी तूरवाल्याच्या भरभराटीवर पेन निवडू शकत नव्हते. मग मी तीन घेतले: एक जड स्टीलचा, एक बारीक निबेचा सडपातळ, आणि तो तूरवाला. शाई मात्र त्यांच्याकडे खरी होती, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, धूळ बसलेल्या बाटल्यांत. साधी निळी, काळी, हिरवी आणि पक्की निळी-काळी. मी प्रत्येकी एक घेतली. निळी-काळीची बाटली पुसताना ते म्हणाले, "ही हाताला लागू देऊ नका. कपड्यावरची एक वेळ जाती, कातडीवरची जात न्हाई."

"किती दिवस राहते?"

"कातडी बदलंस्तोवर."

पडद्याआडून बाईंनी विचारलं, "पूजा तरी करणार हायत का त्या पेनाची?" मी हो म्हटलं. दुकानातून बाहेर पडायला तो सर्वांत जवळचा रस्ता होता.

घरी आईनं खरंच पूजा केली. मग आम्ही तिन्ही पेन उष्टे केले.

स्टीलचा पेन पहिल्या फेरीतच बाद झाला. तो पप्पांच्या बोटांतून मासळीसारखा सटकायचा आणि निबेवर पडायचा. सडपातळ पेनची निब कागदाला ओरखडे काढायची, आणि सरकारी कागद असला की कागदाचा एखादा धागा निबेत अडकून सहीला मिशा फुटायच्या. उरला तूरवाला. अंगानं जाड, वजनानं हलका, दुखऱ्या मुठीतही बसणारा, आणि निब मध्यम. त्याचा एकच दोष होता. ड्रॉपरनं त्याच्या पोटातच शाई भरायची असे, आणि ती अर्ध्यावर आली की हाताच्या उबेनं तो एक थेंब ओकायचा. पोट भरलेलं असलं की शहाण्यासारखा वागायचा. "घरातल्या काही माणसांसारखा," आई म्हणाली.

शाईचा प्रश्न त्याहून अवघड निघाला, कारण पप्पांसाठी रंगांना हुद्दे होते. हिरवी शाई साहेबाची. लाल तपासणी करणाऱ्याची. काळी वकिलाची. हिरव्या बाटलीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. एकदा बिलोलीला एका नव्या कारकुनानं चुकून हिरव्या शाईत रजेचा अर्ज लिहिला होता म्हणे, आणि तो अर्ज आदेश समजून पुढच्या टेबलावर मंजूर झाला होता.

"आपली निळी," पप्पा म्हणाले.

साधी निळी फार देखणी होती. पप्पांनी तिच्यात केलेल्या पहिल्या सहीवर आईनं चहाचा कप ठेवला. कप उचलला तेव्हा सही कपाच्या बुडाला गेली होती.

"बँकेत चहा देतेत का?" आईनं विचारलं.

"घाम तर येतो ना," पप्पा म्हणाले. "तिथं पंखा कारकुनाच्या बाजूला राहतो."

शेवटी पक्की निळी-काळी ठरली. लिहिताना निळी दिसते, वाळता वाळता काळी होते. म्हणजे निळीचा मानही राहतो. तिच्यावर कप ठेवला, ओलं बोट फिरवलं, आईनं वरणाचा थेंबही टाकून बघितला. सही जागची हलली नाही.

कागदाची मात्र मी धास्ती घेतली होती. दुकानात पेन चांगला वाटतो तो दुकानातल्या कागदावर. रोजच्या आयुष्यात कागद आपल्या हातात नसतो. झेरॉक्सवाल्याकडून मी सगळ्यात हलका कागद आणला. त्यावर साधी निळी फुटून सहीची गोम व्हायची. निळी-काळी कडेला जराशीच पसरायची. पप्पांनी कागद बोटांनी चोळला आणि म्हणाले, "हाव. सरकारी कागद असाच असतो. टीपकागदाचा चुलतभाऊ."

मग सराव सुरू झाला. पप्पांची सही म्हणजे नावाची पहिली दोन अक्षरं, वर लांब रेघ, शेवटच्या अक्षरातून निघालेली शेपटी आणि खाली दोन टिंबं. नमुन्याला त्यांनी माझं लहानपणीचं प्रगतिपुस्तक काढलं. इंग्रजी शाळेत आपली सही कमी दिसू नये म्हणून तिथे त्यांनी फार जपून सह्या केल्या होत्या, शेपटीला वेलांटीसारखा डौल देऊन. त्या डौलाचा सराव ते सकाळ-संध्याकाळ करू लागले. मी शनिवारी यायचे तेव्हा घर सह्यांनी भरलेलं असायचं. लग्नपत्रिकांच्या पाठी, औषधांची खोकी, कॅलेंडरच्या मोकळ्या चौकटी. वर्तमानपत्र शेजाऱ्यांकडून परत आलं तेव्हा पहिल्या पानावरच्या सगळ्या पुढाऱ्यांखाली पप्पांची सही होती.

"भेंडी चिरायला घेतलीय," आई म्हणायची. "सही करायची असेल तर आत्ताच करा."

पण हात सुधारत होता. शेपटी थरथरायची थांबली. टिंबं टिंबांच्या जागी पडू लागली. कॉलनीच्या बाकावर बसणारे पेन्शनर मित्र रोज प्रगती विचारायचे. त्यांच्यातले एक निवृत्त मास्तर पेन हातात घेऊन बघायला मागायचे आणि पप्पा तो खिशात आणखी खोल ढकलायचे. शाईचा पेन दुसऱ्याच्या हातात दिला की निब त्याच्या वळणाची होते, असं पप्पांचं ठाम मत. "मास्तर, मोटारसायकल मागा, देतो."

नोव्हेंबरात एका सोमवारी मी रजा काढली आणि आम्ही दोघं बँकेत गेलो. रांग दारापर्यंत आली होती. सगळे पेन्शनर, सगळे जिवंत, सगळे पुरावा द्यायला आलेले. पप्पा रांगेत उभ्या उभ्या हातातल्या जुन्या पासबुकाच्या कव्हरवर सह्या करत होते. मी दोनदा म्हटलं, शाई वाचवा. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

पावसाळ्यातला माणूस बदलून गेला होता. काउंटरवर माझ्या वयाची एक मुलगी होती. तिनं यादीवर बोट ठेवलं. पप्पांनी बाही वर सरकवली, टोपण काढलं, श्वास धरला आणि सही केली. प्रगतिपुस्तकातली, डौलदार शेपटीची. कागदावर शाई फुटली नाही. मला रडू येईल असं वाटलं.

"झालं काका," मुलगी न बघताच म्हणाली. "पुढचे."

पप्पा हलले नाहीत. "जुळवून बघा."

"काय?"

"दस्तखत. जुळवून बघा."

"गरज नाही काका, तुम्ही समोर उभे आहात ना. आहात तुम्ही."

मागचे धोतरवाले आजोबा म्हणाले, "बाई म्हणल्या ना झालं म्हणून, सरका की आता."

"न्हाई," पप्पा म्हणाले. "माझी जुळत न्हाई म्हणून मला परत पाठवलं होतं ह्याच खिडकीतून. जुळली म्हणून सांगा, मग जातो."

मुलीनं सुस्कारा सोडून कॉम्प्युटरवर जुनी सही उघडली. स्क्रीनकडे बघितलं, यादीकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे. तिचा चेहरा बदलला.

"काका, ही तुमची नाहीये."

"मग कुणाची हाय?"

"म्हणजे ही खूप छान आहे. तुमची अशी नाहीये."

रांगेत कुजबुज सुरू झाली. धोतरवाल्या आजोबांनी मागच्यांना सांगितलं, "ते ते न्हाईत म्हणं."

"हयात तर हायत ना?"

"हयात हायत. पण कोण हायत ते ठरायचंय."

मुलीला आता नाइलाज होता. न बघता झालेलं काम बघितल्यावर अडलं होतं. "काका, तुम्ही अंगठाच लावा. एका मिनिटात होतं." शिपायानं पॅड आणलं, तेच जांभळं, आणि सवयीनं पप्पांचं मनगट धरलं, दुखरंच. पप्पांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी पूर्वी बघितली होती. पॅडकडे अंगठा नेताना बिलोलीतली माणसं पप्पांकडे तशी बघायची.

मी काउंटरवरून वाकून स्क्रीन बघितला. तिथे एक घाईची, तिरपी सही होती. वरची रेघ अर्ध्यात सोडलेली, शेपटी म्हणजे एक फटकारा, आणि खाली दोनऐवजी एकच टिंब. ती सही मी ओळखत होते. स्टुलावर बसून मी ती कितीतरी वेळा बघितली होती. पप्पा ती कधी बघून करायचेच नाहीत. तोंड शिपायाकडे, डावा हात दुसऱ्या फायलीवर, खिडकीत माणसांचा घोळका, आणि उजवा हात आपलं काम उरकून मोकळा.

"पप्पा," मी म्हटलं. कुणालाही ऐकू गेलं नाही. मग मी अशा आवाजात बोलले की सिक्युरिटीवाला आत डोकावला. "पप्पा, बघून करू नका! ऑफिसात करायचे तशी करा. खिडकीत लोक उभे आहेत!"

सगळी बँक माझ्याकडे बघू लागली. मला फरशीत शिरावंसं वाटलं. पप्पा गोंधळून म्हणाले, "कुठली लोकं?"

आणि धोतरवाले आजोबा, ज्यांची माझी काही ओळख नव्हती, काउंटरवर हात आपटून ओरडले, "अहो भाऊसाहेब! सकाळधरनं उभे हावोत! आमचा दाखला कवा देता?"

रांगेला हे फार आवडलं. "भाऊसाहेब, आमची गाडी निघाली!" एक बाई म्हणाल्या. "भाऊसाहेब, साहेब बोलवून राहिले!" "भाऊसाहेब, माझ्या आधी ह्याचं कामून घेतलं?" मागून कुणीतरी खराखुरा अर्ज हवेत नाचवला.

पप्पांचा चेहरा कडक झाला. त्यांनी शिपायाच्या हातातून मनगट सोडवून घेतलं, मान वळवली आणि रांगेवर खेकसले, "ओ, थांबा जरा! घाई कामून करून राहिले? माणूस हाय का मशीन हाय इथं!"

हे बोलत असताना यादीवर त्यांचा उजवा हात एकदा फिरला आणि थांबला. फटकारा, एक टिंब.

मुलीनं स्क्रीन बघितला. मग ती हसली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. "जुळली काका. शंभर टक्के तुम्हीच."

रांगेनं टाळ्या वाजवल्या. पप्पांनी पेनचं टोपण लावलं, शर्ट नीट केला, आणि तेव्हा मला दिसलं. रांगेतल्या सह्यांनी पेन अर्धा रिकामा केला होता, मूठ गरम झाली होती आणि तूरवाल्यानं आपला थेंब ओकला होता. पप्पांचा उजवा अंगठा नखापासून पेरापर्यंत निळा होता आणि आमच्या डोळ्यांदेखत काळा होत चालला होता.

शिपायानं लगेच चिंधी पुढे केली. "घ्या काका, अंगठा पुसा. लागती कधी कधी जास्त."

"मी सही केली," पप्पा म्हणाले.

"हाव हाव," शिपाई म्हणाला.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि घरापर्यंत समजूत घातली. त्याच्या वडिलांनाही सही येत नव्हती म्हणे, पण माणूस देवासारखा. पप्पांनी त्याला मधेच थांबवून मागच्या खिशातून पासबुक काढलं आणि कव्हरवरच्या सह्या दाखवल्या. तो म्हणाला, "पोरीनं केल्या का? छान हायत."

कॉलनीच्या बाकावर मंडळी निकालाची वाट बघत होती. पप्पा हात पाठीमागे बांधून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सगळी हकिकत सांगितली. पण रंगात आल्यावर त्यांना हात लागतात. फटकारा दाखवायला हात पुढे आला. मास्तरांनी अंगठा बघितला, मग बाजूच्याकडे बघितलं. त्यांनी सरकून पप्पांना बाकाची सावलीतली जागा दिली. ती ते कुणालाच देत नसत.

आईनं लिंबू चोळलं, मीठ चोळलं, भांड्यांची पावडर चोळली. वरणाला न हललेली शाई लिंबाला काय हलणार. पप्पा मोरीपाशी स्टुलावर बसून अंगठ्याकडे बघत होते.

"ती पहिली निळी होती ना," ते म्हणाले, "धुतली की जायची. पुढच्या साली ती आण."

"तिच्यावर घाम पडला की सही जाते, पप्पा."

त्यांनी हिरव्या बाटलीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मंग हातमोजे आण," ते म्हणाले. "जाड नको. सही आली पायजे."